बेस गिटारीच्या पोटातली वायर

मी भित्रा माणूस नाही, असं माझं मत आहे. घरात या मताला अजून अनुमोदन मिळालेलं नाही, ती गोष्ट वेगळी. रांजणगावच्या एमआयडीसीत वीस वर्षं मी कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगवर आहे. चारशे चाळीस व्होल्ट शेजारी गुणगुणत असताना मी शांतपणे डबा खाल्लेला आहे. पण मागच्या हिवाळ्यात एका चार तारांच्या वाद्यानं माझी अशी गाळण उडवली की चार दिवस घशाखाली घास उतरला नाही. आणि त्या वाद्यात तर साधा सेलसुद्धा नसतो.

वाद्य मामांचं. माझे मामा दौंडला असतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले, आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, पण हाक मारली तर यार्डातला डबा जागेवर थांबेल. माझे वडील लवकर गेले तेव्हा मामांनीच मला आयटीआयला वायरमनच्या ट्रेडला घातलं, पहिला टेस्टर त्यांनीच घेऊन दिला, आणि पहिली थप्पडही तोच टेस्टर हरवल्याबद्दल त्यांनीच दिली. मी मामांचा आदर करतो म्हणून त्यांना भितो, की भितो म्हणून आदर करतो, याचा निकाल सत्तेचाळिसाव्या वर्षीही लागलेला नाही.

तरुणपणी मामा ज्या साहेबाच्या हाताखाली खलाशी, म्हणजे रेल्वेतले मदतनीस, होते, तो साहेब अँग्लो-इंडियन. दिवसा सिग्नलच्या केबली जोडायचा आणि शनिवारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या डान्सला बेस गिटार वाजवायचा. लांब मान, चार जाड तारा, गाण्याच्या खालून चालणारा घुमारा. अमेरिकेत बनलेली, मुंबईला कुठल्याशा जहाजावरच्या वादकाकडून घेतलेली. मामा तिचा ॲम्प्लिफायर उचलायला जायचे आणि बघून बघून वाजवायला शिकले. पुढे साहेब बायको-मुलीला घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा त्यानं गिटार मामांच्या हातात दिली. म्हणाला, "रखो. आएगा तो लेगा. खोलना मत."

तो काही आला नाही. मामांनी मात्र चाळीसेक वर्षं ती सांभाळली. आमच्या जयंतीच्या गायन पार्टीत ती दौंडपासून मांडवगण फराट्यापर्यंत आणि केडगावपासून कवठे येमाईपर्यंत वाजली. हार्मोनियमवाले बदलले, ढोलकीवाले गेले, बेस तीच राहिली. आणि खोलना मत म्हणजे खोलना मत. मामांनी तिचा एक स्क्रू फिरवला नाही.

तो मी फिरवला.

झालं असं, की एका रविवारी मी दौंडला गेलो असताना मामांनी गिटार माझ्या हवाली केली. "जॅकपाशी खरखर करतीय. पुढच्या रविवारी पाव्हणी यायची हाय बघाया. तेवढा जॅक पूस. आत शिरू नको."

आत शिरू नको, हे मी ऐकलं होतं. पण त्याच्या आधीचं "पाव्हणी यायची हाय बघाया" हे माझ्या डोक्यात जास्त जोरात वाजलं. आमच्या कारखान्यात कुणी बघायला येणार म्हटलं की त्याला ऑडिट म्हणतात. ऑडिटच्या आधी आम्ही पॅनेल उघडतो, लोंबत्या वायरी काढतो, नव्या घालतो, प्रत्येक वायरीच्या टोकाला नंबर चढवतो, पट्ट्यांनी जुड्या बांधतो आणि दार असं पुसतो की ऑडिटरला त्यात भांग पाडता यावा. वीस वर्षांत ही सवय हाडात मुरलेली. जॅक पुसायला म्हणून शिरूरच्या घरी मी गिटारीची पुढची प्लेट उघडली आणि आतला प्रकार बघून मला लाज वाटली. रबरी नाहीत, प्लास्टिकच्या नाहीत, चक्क कापडात गुंडाळलेल्या वायरी. एक पांढरट, एक काळी, दोन्ही मेणचट. सोल्डरचे गोळे राखेच्या रंगाचे. आणि या सगळ्यांत एक जाडी लाल रबरी वायर, बाकीच्यांशी काडीचा संबंध नसलेली, एका टोकानं आवाजाच्या बटणाच्या पाठीला चिकटवलेली आणि दुसऱ्या टोकानं लाकडातल्या एका भोकात गेलेली. कुठं गेली ते दिसेना. ओढली, तर येईना.

मला वाटलं, कुण्या गाढवानं रेडिओची एरियल जोडलेली दिसते.

मी ती भोकापाशी कटरनं कापली. मग बाकीच्याही काढल्या, नवीन कोऱ्या लाल-काळ्या-पिवळ्या वायरी घातल्या, टोकांना नंबर चढवले, सोल्डर असा मारला की स्टीलच्या नव्या वाटीसारखा चमकला. फक्त पिकअपला हात लावला नाही. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेलं चुंबक आणि त्याच्याभोवती हजारो वेढे घातलेली केसापेक्षा बारीक तांब्याची तार. छेडलेल्या तारेचा कंप हाच पकडतो, म्हणजे गिटारीचा कानच तो. चुंबकांची टोकं गंजून काळपट झाली होती, ती पॉलिश करावीत असं मनात आलंही होतं, पण त्या केसाएवढ्या तारेकडं बघून माझी हिंमत झाली नाही. आयुष्यात माझ्या भित्रेपणानं केलेलं हे एक चांगलं काम. ॲम्प दौंडला होता, तेव्हा वाजवून बघता आलं नाही. मीटरनं तपासलं, सगळी जोडणी बरोबर. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मिक्सर बी असाच करून द्या की एकदा."

गुरुवारी कारखान्यातनं सुटताना मामांचा फोन आला. गेटबाहेर बसची वाट बघत मी तो घेतला.

"झाला का जॅक?"

"झाला मामा. एकदम क्लिअर."

"बरं झालं. आता ऐक. साहेबाची पोरगी येणार हाय. बेबी. तिकडनं आलीय पुण्याला. त्यांचा त्यो मोबाइलवरचा ग्रुप हाय ना, जुन्या दौंडकरांचा, त्याच्यात तिच्या चुलतभावानं लिव्हलंय, की त्यांची गिटार म्हणं खलाशानं कवाच विकून खाल्ली. आन् माझ्याकडं हाय ती म्हणं मुंबईची नकली."

मामांचा आवाज इतका खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"शंभर मानसांत खोटं पाडलं मला. बेबी म्हणली, भैया, मी स्वतः बघते. लहानपणी बापाबरोबर बसून ती उघडायची म्हणं. आत काय हाय ते तिला ठावं हाय. मी म्हणलं, खुशाल उघड. चाळीस वर्षांत एक स्क्रू फिरवला न्हाई. जसं तुज्या बापानं दिलं तसं आतबाहेर हाय. व्हय का न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो.

दुसरं काय म्हणणार? समोर बस आली आणि गेलीही. मी फोन कानाला धरून तसाच उभा.

घरी आल्याबरोबर मी मोबाइलवर शोधायला बसलो, की जुनी बेस गिटार अस्सल आहे हे जाणकार कशावरून ओळखतात. जसजसं बघत गेलो तसतसा घाम फुटत गेला. एक गोरा दाढीवाला प्लेट उघडतो आणि पहिल्यांदा काय बघतो? कापडी वायर. ती दिसली की खूश होतो. मग सोल्डर बघतो. मळकट, राखाडी सोल्डर दिसला की डोळे मिटून घेतो, देव भेटल्यासारखा. चमकणारा सोल्डर दिसला की मान हलवतो, कुणीतरी हात घातलाय. मग बटणाच्या पाठीवरचे आकडे वाचतो. त्यात कारखान्याचा नंबर असतो, पुढं साल आणि आठवडा. शेवटी मीटर लावून पिकअपच्या तारेचा रोध मोजतो आणि म्हणतो, नव्यानं गुंडाळलेली नाही. म्हणजे जे जे मी कचरा म्हणून काढलं, तेच दागिने. आणि जे जे मी घातलं, ते चोरीचा पुरावा.

"मी त्या जुन्या वायरी कुठं ठेवल्या होत्या?" मी बायकोला विचारलं.

"कुठल्या?"

"टेबलावर होत्या. कापडाच्या."

"त्या व्हय? त्या मी कारल्याला बांधल्या."

आमच्या परसात कारल्याचा वेल आहे. सुतळी पावसानं कुजते म्हणून बायकोनं या मेणकापडी वायरींनी तो काठीला बांधला होता, आणि सगळ्यांत जाड बुडख्याला ती लाल वायर. मी वेलापुढं गुडघ्यांवर बसलो आणि एकेक गाठ सोडवायला लागलो. घाईत दोन कारली तुटली.

"अहो, झालं तरी काय?" बायको म्हणाली. मी सांगितलं. तीही खाली बसली आणि नखांनी गाठी सोडवायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामांना खरं सांगून टाका."

"तू सांगतेस?"

ती पुढची गाठ सोडवायला लागली. मामांना भिण्यात आमचा संसार सुरुवातीपासून एकमतानं चाललाय.

कापडी वायरी सगळ्या मिळाल्या. लाल वायरीची गाठ सुटेना. बायको म्हणाली, "ती बी पायजे का? तिच्यावर समदा वेल हाय." मी त्या गोऱ्या दाढीवाल्याला आठवलं. त्यानं दाखवलेल्या एकाही अस्सल गिटारीत असली लाल वायर नव्हती. म्हणजे ती मागाहून घातलेली, उपरी. अस्सलपणाला बट्टा. "राहू दे," मी म्हणालो. "ती नसलेलीच बरी."

शुक्रवारी मी रजा टाकली. सकाळपासून मामांचे तीन फोन. प्रत्येक वेळी मोबाइल वाजला की माझ्या हातातली सोल्डरिंग गन दचकायची, आणि ती पिकअपच्या तारेपासून दोन बोटांवर होती. एवढी बारीक तार, जरा चटका बसला की गिटार कायमची बहिरी. माझ्या कपाळाचा घाम आत पडू नये म्हणून बायको पदरानं पुसत उभी होती. कापडी वायरी जिथल्या तिथं बसवल्या. जुन्या खुणा होत्या, त्या धरून. पण सोल्डर चमकत होता. काही केल्या चमकायचा थांबेना. मग उदबत्तीची राख आणि खोबरेल तेल कालवून मी एकेका गोळ्याला काडीनं लावत बसलो.

"नवरदेवाला म्हातारा करताय व्हय?" बायको म्हणाली. हसू मात्र दोघांनाही आलं नाही.

संध्याकाळपर्यंत आतली बाजू अशी दिसायला लागली की त्या दाढीवाल्यानंही डोळे मिटले असते. मला वाटलं, सुटलो. पण प्लेटचा शेवटचा स्क्रू आवळताना माझ्या मनात आलं, की आधी मी केली ती चूक होती, आता हे जे केलं त्याला दुसरा शब्द आहे. आणि मग जी भीती सुरू झाली ती आधीच्या भीतीच्या तोंडात मारेल अशी होती. आधी मी मामांना भीत होतो. आता मी त्या गिटारीलाच भ्यायला लागलो. कपाटाला टेकवून ठेवली होती. मी तिच्याकडं पाठ करून बसायचो.

रविवारी मोटरसायकलवर मी पुढं, बायको मागं आणि तिच्या पाठीला गिटार, असे न्हावऱ्यावरून चौफुल्याकडं निघालो. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्ताभर. एरवी मी त्यांना शिव्या देतो, त्या दिवशी प्रत्येकाच्या मागं मुकाट चाललो. केडगावच्या फाटकाला गाडी अडली तेव्हा बरं वाटलं. अजून एक मालगाडी यावी असं वाटलं. पण फाटक उघडलं.

बेबी आमच्या आधीच पोचली होती. साठीच्या आसपासची बाई, पांढरे आखूड केस, पायात बूट, आणि मांडी घालून मामांच्या चटईवर बसलेली. मामांनी पांढरा सदरा घातला होता, जयंतीला घालतात तो. दोघांचं हिंदी-मराठी चाललं होतं, रेल्वे कॉलनीतलं, ज्यात क्रियापद कुठल्याही भाषेतलं चालतं.

"हा भाचा," मामा म्हणाले. "वायरमन हाय. मोठ्या कंपनीत. तुज्या बापाच्या लाइनीतलाच."

"फिर तो अच्छा है," ती माझ्याकडं बघून हसली. "चोरी पकड लेगा."

मी बायकोच्या पाठीवरची गिटार उतरवून पुढं सरकवली.

तिनं गिटार मांडीवर घेतली. खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला, तिचा स्वतःचा. पहिला स्क्रू फिरला तेव्हा मामांनी मान ताठ केली. ते तिच्याकडं बघत नव्हते, भिंतीवर लावलेल्या बुद्धाच्या तसबिरीकडं बघत होते. मी माझ्या अंगठ्यांकडं. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर चावत.

प्लेट निघाली. तिनं मोबाइलचा टॉर्च लावला. कापडी वायरी बघितल्या. बटण उलटं करून आकडे वाचले. पिकअपच्या टोकांवरून बोट फिरवलं. मग पुन्हा सगळीकडं टॉर्च फिरवला. पुन्हा एकदा. इतका वेळ, की मामांनी तसबिरीवरून नजर काढून तिच्यावर आणली.

"भैया," ती हळूच म्हणाली, "ये तो एकदम ओरिजिनल है. सगळं कारखान्याचं. बहुत अच्छी गिटार है."

मामा हसले.

"पण पप्पांची नाही."

ते हसू मामांच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं. त्याला काढायचं कसं हे त्यांना कळेना.

"पप्पांच्या गिटारमधला एक वायर टूट गया था," ती म्हणाली. "तेव्हा त्यांनी सिग्नलच्या केबलचा लाल वायर टाकला. मैंने टॉर्च पकडा था. मी दहा वर्षांची होते. लाल, जाडा. यात कुठंच नाही." आणि तिनं मामांच्या हातावर हात ठेवला. "कोई बात नहीं, भैया. इतने साल हो गए. तुमचा पण काही प्रॉब्लेम असेल तेव्हा. मैं किसी को नहीं बोलेगी."

तिनं मामांना माफ केलं. न केलेल्या चोरीबद्दल.

शंभर माणसांच्या गावभांडणात आवाजानं जिंकणारे माझे मामा नुसते बसून राहिले. एकदा म्हणाले, "मी न्हाई उघडली." पण ते तिला म्हणाले नाहीत, स्वतःलाच म्हणाल्यासारखं म्हणाले, जणू खरंच आपण कधी विकली की काय, हे ते आठवून बघत होते.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. मी उठून पाणी प्यायलो. लोक म्हणतात भीतीनं माणूस पळतो. मी पाणी पितो.

बेबीनं प्लेट परत बसवली. चांगल्या मनाची बाई. वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाली, "बजाओ ना भैया. तुम्हारी ही सही. इन्स्टिट्यूटवाला काही तरी बजाओ." मामा यंत्रासारखे उठले. ॲम्पची वायर लावली, बटण दाबलं.

घुंऽऽऽऽ.

अख्खी खोली भुंग्यासारखी घोंघावायला लागली. मामांनी तार छेडली, तर घुमारा कमी आणि गोंगाट जास्त. बेबीनं तारांवर तळहात ठेवला, आवाज तसाच. ती कान देऊन ऐकत राहिली. मग तिनं ॲम्प बंद केला.

"अर्थिंग नाही याला," ती म्हणाली.

वीस वर्षं. कारखान्यात नवीन पोरगं आलं की मी त्याला पहिल्या दिवशी सांगतो, बाकी काही विसर, अर्थिंग विसरू नको. ती लाल वायर एरियल नव्हती. ती अर्थिंगची होती, तारा जिथं अडकवतात त्या लोखंडी पट्टीखाली जाणारी. मी, पॅनेलचा वायरमन, अर्थिंग कापून कारल्याला बांधून आलो होतो.

"गेल्या रविवारपतुर असा आवाज नव्हता," मामा म्हणाले. आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

ते बघणं मला लहानपणापासून पाठ आहे. त्या नजरेपुढं मी खोटं बोलू शकतो, पण उभं राहू शकत नाही. मी खाली बसलो.

"मी कापली," मी म्हणालो. "लाल वायर होती. मी काढली. सगळ्याच काढल्या होत्या, मग जुन्या परत बसवल्या. लाल तेवढी नाही बसवली. मला वाटलं तिनं गिटार नकली दिसेल."

"कुठंय?" मामा.

"शिरूरला."

"शिरूरला कुठं?"

"कारल्याच्या वेलाला बांधलीय."

बाहेर एक गाडी स्टेशनात शिरली, तिचा सगळा आवाज शेवटच्या डब्यापर्यंत ऐकू आला.

"मी बांधली मामा," दारातून बायको म्हणाली. "सुतळी कुजत हुती." एवढं बोलून ती रडायलाच लागली.

मला वाटलं, आता मामा उठतील. मी गालफडं घट्ट धरली. पण बेबीच मान हलवत होती. तिच्या डोळ्यांत दया होती आणि ती दया मला थपडेपेक्षा लागली. "भाई," ती म्हणाली, "मामा के लिए बोल रहे हो. मी समजू शकते. पण असं नको."

म्हणजे आता खरं सांगूनही ते खरं धरलं जाईना. आधीची भीती ही नुसती मार खायची होती. ही निराळीच. मामा आयुष्यभर खोटे ठरणार, तेही माझ्या खऱ्या बोलण्यानं. आणि माझं डोकं, कसं कोण जाणे, चार दिवसांत पहिल्यांदा चाललं.

"ती ओढून निघेना, म्हणून मी भोकापाशी कापली," मी म्हणालो. "निघेना, म्हणजे दुसरं टोक आत पट्टीखाली दाबलेलं असणार. ते आहे तिथंच असेल. पट्टी खोला."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं तारा ढिल्या केल्या. पट्टीचे स्क्रू गंजले होते. त्यांच्या खाचांत इतका मळ की कुणी फिरवले नाहीत हे आंधळ्यालाही कळावं. तिसरा स्क्रू हलेना. मी पुढं होऊन मदत करायला हात केला, तर मामा म्हणाले, "तू हात लावू नको." मी हात मागं घेतला. मामांनीच तिच्या हातावर आपला हात ठेवून तो फिरवला.

पट्टी निघाली. खालच्या लाकडात पट्टीच्या आकाराची फिकट जागा होती. मधोमध भोक, आणि भोकातून वर आलेलं, माझ्या कटरनं वाचवलेलं, बोटभर लाल रबर. त्याच्या टोकाच्या तारा सोलून, तीन वाटा करून लाकडावर चपट्या दाबलेल्या. हिरव्या पडलेल्या.

बेबीनं टॉर्च जवळ नेला. मग म्हणाली, "मुर्गी का पैर."

"आँ?" मामा.

"पप्पा बोले, सब तार एक जगह मत दबा, मुर्गी का पैर बना. हे मी केलंय, भैया. मेरे हाथ का है." आणि तिनं त्या तीन हिरव्या बोटांवर आपलं बोट ठेवलं.

मामांनी चष्मा काढून सदऱ्यानं पुसला. परत घातला. परत काढला.

तिनं फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली काहीतरी लांबलचक लिहिलं. मामांनी मला ते वाचून दाखवायला लावलं. दोनदा. त्यात माझा उल्लेख नव्हता. मी मनातल्या मनात तिचे पाय धरले. थोड्या वेळानं चुलतभावाकडून एक अंगठा आला.

"एवढंच?" मामा म्हणाले. "नुसता अंगठा?"

मग त्यांनी स्वतः पट्टी बसवली, तारा पिळल्या, जुनी कापडी पिशवी आणली, गिटार तिच्यात घातली, नाडी बांधली आणि बेबीपुढं ठेवली. ती म्हणाली, भैया, राहू दे तुमच्याकडंच, तुम्ही वाजवता. मामा म्हणाले, "त्यो म्हणला हुता, आएगा तो लेगा. त्यो न्हाई आला, तू आलीस. ठेव हाय ती. माझी न्हाई." ती रडली. मामा रडले नाहीत. त्यांनी गिटार तिच्या मोटारीपर्यंत नेली, मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि ती हलू नये म्हणून तिला उशी लावली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मला उमजलं. मी गप्प राहिलो असतो, तर बेबी मामांना चोर समजून, माफ करून निघून गेली असती, आणि गिटार इथंच राहिली असती, खुंटीला. खरं बोलून मी मामांचा शब्द राखला आणि त्यांची गिटार घालवली. हे त्यांच्या लक्षात आलं असेल का?

"मामा," मी म्हणालो, "मी बोललो नसतो तर..."

"तर हितंच राहिली असती. व्हय. कळतंय मला."

"मग?"

"मग काय? चोराच्या घरातली म्हणून वाजवली असती व्हय मी?"

ते आत येऊन बंद ॲम्पशेजारी बसले. मीही बसलो, जरा लांब, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. बायकोनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. मामांच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालायला लागली, चार तारांवर चालतात तशी, मध्येच थांबत, पुन्हा मागं येत. कुठलं गाणं चाललंय ते मला ओळखू येईना.

"चहा गार होतोय मामा," मी म्हणालो.

"गप बस," ते म्हणाले.

मी गप्प बसलो. बोटं चालत राहिली, आणि ती थांबल्यावर मामा काय म्हणतील या भीतीनं मी ती थांबू नयेत म्हणून बघत राहिलो.